व्यसनमुक्तीची सभा : पत्ता मिळण्यापासून पोहोचण्यापर्यंत

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या हाती वार्षिक अहवाल देताना जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या विषयाची माहिती देणारा लेख जोडावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा त्यासाठी मद्यासक्तीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या स्व-मदत सभा हा विषय घेतला आहे. मद्यपानामुळे दाखल झालेल्या रुग्णाला रजा मिळते त्या दिवशी देयकाच्या खिडकीपाशी उभी असलेली त्याची पत्नी, आई किंवा भाऊ जो प्रश्न विचारतात, तो बहुधा गोळ्यांविषयी नसतो. ‘आता घरी नेल्यावर पुढे काय करायचं?’ एवढाच तो असतो. त्या प्रश्नाचे शक्य तितके नेमके उत्तर येथे द्यावे, असा हेतू आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून उपचारासंबंधीचा भाग आपल्या मानद मनोविकारतज्ज्ञांच्या नजरेखालून घातला आहे.

प्रथम थोडे आकडे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांना त्या सवयीपायी कोणत्या ना कोणत्या मदतीची गरज आहे आणि त्यांतील २ कोटी ९० लाख पूर्णपणे मद्याधीन आहेत. मद्याधीन असलेल्या दर ३८ जणांमागे केवळ एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचे त्या पाहणीत आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. म्हणजे आपल्या सर्वसाधारण कक्षातील खाटेवर असा रुग्ण येऊन पडतो, तेव्हा तो १८० जणांतून येथवर पोहोचलेला एक असतो. घरच्यांनी त्यासाठी दागिना मोडलेला असतो, कोणी उसनवारी केलेली असते. ज्याला तेही शक्य नसते त्याचा खर्च आपल्या देणगीतून आणि निर्धन रुग्ण निधीतून भागतो. इतक्या सायासाने आलेला माणूस घरी परतल्यावर पंधरवड्यात पुन्हा पिऊ लागला, तर तो खर्च कोणत्या खाती टाकावा, हे कोणत्याही हिशेबतपासनिसाला सांगता येणार नाही.

रुग्णालयाचे काम कोठपर्यंत

दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली की शरीर त्याविरुद्ध बंड करते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींची भ्रमावस्था होते. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते, ताप व नाडी वाढते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणून ‘कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा शेजाऱ्यांचा सल्ला कृपया कोणी मानू नये. या दिवसांत औषधे देऊन शरीर शांत करणे, जीवनसत्त्व बी-१ म्हणजेच थायमिन भरून काढणे, यकृताची तपासणी करणे ही रुग्णालयाची कामे. सर्वसाधारणपणे आठ-दहा दिवसांत हा टप्पा पार पडतो.

येथेच आणखी एक इशारा देणे आवश्यक वाटते. दारूचा तिटकारा यावा म्हणून डायसल्फिरॅम हे औषध काही रुग्णांना दिले जाते. ते रुग्णाच्या माहितीने व संमतीनेच घ्यायचे असते. चहात किंवा आमटीत गुपचूप मिसळून दिलेल्या या गोळीनंतर रुग्ण दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्यांमध्ये काय असते, याची तर काहीच शाश्वती नसते.

आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी जातो. हात स्थिर असतात, भूक लागलेली असते, चेहऱ्यावर तेज असते. घरच्यांना वाटते, सुटली. रुग्णालाही तसेच वाटते. मात्र पगाराचा दिवस तोच असतो, एस. टी. स्थानकाजवळचे देशी दारूचे दुकान तेथेच असते आणि सायंकाळी सात वाजता हाक मारणारे मित्रही बदललेले नसतात. सायंकाळच्या त्या रिकाम्या तासाला डॉक्टर किंवा परिचारिका सोबत असणे शक्य नाही. त्या तासाची सोय सभा करते.

सभा म्हणजे काय

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात अनामिक मद्यपी, ही संघटना सर्वत्र ‘ए. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचा उगमच मुळी एका शोधातून झाला. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन एका कंपनीच्या ताब्याच्या वादासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या शहरी गेला होता. वाद त्याच्या विरोधात गेला. खिशात पैसे बेताचे, गावात ओळखीचे कोणी नाही आणि दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. उतरलेल्या हॉटेलच्या दालनात एकीकडे मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसरीकडे टेलिफोन होता आणि शहरातील चर्चची यादी लावलेली होती. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या मद्यपी माणसाशी बोललो तरच आज आपण वाचू, असे त्याच्या मनाने घेतले. यादीतील एका धर्मगुरूंना त्याने फोन केला, त्यांनी दिलेल्या नावांना एकामागून एक फोन केले आणि अखेर एका बाईंनी त्याची गाठ शहरातील शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी घालून दिली. डॉक्टरही मद्यासक्त होते. १२ मे रोजी पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. त्यांनी शेवटचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस ए. ए.चा स्थापना दिवस मानला जातो.

पुढची हकीकत आम्हा रुग्णालयीन मंडळींच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. त्या काळी मद्यपी रुग्णांना दाखल करून घेण्यास रुग्णालये नाखूश असत. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचे काम सिस्टर इग्नेशिया या जोगीण पाहत. १९३९ साली डॉ. स्मिथ यांच्या सांगण्यावरून त्यांनी अशा पहिल्या रुग्णाला खाट दिली आणि नोंदवहीत रोगाचे नाव ‘जठराचा तीव्र दाह’ असे लिहिले. पुढे तेथे पाच दिवसांचा उपचार ठरून गेला. त्या पाच दिवसांत ए. ए.चे जुने सभासद रुग्णाला भेटायला खाटेपाशी येत असत. रुग्ण बाहेर पडे तेव्हा बाहेर त्याची वाट पाहणारी माणसे त्याच्या ओळखीची झालेली असत. दाखल-नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या व्यक्तीने आरोग्यसेवेत घातलेली ही भर फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून येथे सविस्तर सांगितली.

भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले आणि संघटनेचे राष्ट्रीय कार्यालय मुंबईत भायखळा येथे आहे. महाराष्ट्र व गोव्यात मराठी, हिंदी, कोकणी आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतून सभा भरतात. सभासद त्यांना साधे ‘मीटिंग’ म्हणतात. बारा पायऱ्यांचा त्यांचा एक कार्यक्रम आहे, संघटनेने कसे वागावे याविषयी बारा परंपरा आहेत. सभासदत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. प्रवेशशुल्क नाही, वर्गणी नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही.

सभा शोधताना

इतकी जुनी आणि जगभर पसरलेली संघटना असूनही आपल्या गावातील सभा सापडत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्याला कारण आहे. जाहिरात करू नये, लोकांनी सभासदांकडे पाहून आकृष्ट व्हावे, अशी त्यांची परंपराच आहे. त्यामुळे रस्त्यावर मोठा फलक नसतो. सभा भरते ती सायंकाळी रिकाम्या होणाऱ्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारातील सभागृहात, समाजमंदिरात किंवा आपल्यासारख्या रुग्णालयाच्या मागच्या खोलीत. शाळेला परीक्षेसाठी वर्ग हवा झाला की सभा दुसरीकडे हलते आणि कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेला पत्ता निरुपयोगी होतो. असा पत्ता हाती घेऊन एखादा नवखा माणूस सायंकाळी सात वाजता कुलूप लावलेल्या दारापाशी उभा राहिला, तर तो पुन्हा शोधायला निघेल याची खात्री धरू नये. तेव्हा कोणत्याही छापील यादीवर विसंबून निघण्याआधी त्याच आठवड्यात फोन करून खातरजमा करावी, ही पहिली सूचना.

फोन कोठे करावा? ए. ए.च्या राष्ट्रीय कार्यालयाकडे आणि मोठ्या शहरांतील त्यांच्या आंतरगट कार्यालयांकडे गटांची नावे, वार, वेळ व संपर्क यांची माहिती असते. तीच सर्वांत भरवशाची. मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तसेच मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समाजसेवकांना आसपासच्या सभांची माहिती बहुधा असते. याखेरीज स्वतःची केंद्रे व पाठपुराव्याची व्यवस्था असलेल्या संस्थाही आहेत. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या केंद्राचे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने ए. ए.च्या पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. केंद्र आणि सभा यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. केंद्रात काही आठवडे राहून उपचार घ्यायचे असतात व त्यास खर्च येतो. सभा ही घरी राहून, आपला कामधंदा सांभाळून, वर्षानुवर्षे जाण्याची जागा आहे.

हा फरक ध्यानात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ‘रुग्णाला घरातून उचलून नेऊ, हमखास दारू सोडवू’ असे सांगून आगाऊ रकमा घेणारे लोकही या क्षेत्रात आहेत. दारातच पैसे मागितले, हमी दिली किंवा आधार कार्डाची प्रत मागितली, तर ती ए. ए.ची सभा नव्हे, असे निःशंक समजावे.

फोनवर बोलणारी व्यक्ती केवळ आपले पहिले नाव सांगेल. ती स्वतः कधीकाळी दारूच्या आहारी गेलेली असते. त्यामुळे प्रस्तावनेची किंवा संकोचाची गरज नाही. विचारायचे ते एवढेच : सभा कोणत्या वारी व किती वाजता, कोणत्या भाषेत, खुली आहे की बंद? खुल्या सभेला घरची माणसेही बसू शकतात. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, इमारतीचे नेमके कोणते दार? आमचा अनुभव असा की माणसे गाव चुकत नाहीत, दार चुकतात. पुढच्या फाटकाला कुलूप असते आणि सभा मागच्या जिन्याने वर भरलेली असते. ‘पहिल्या दिवशी फाटकापाशी कोणी भेटेल का?’ असे विचारावे. क्वचितच कोणी नाही म्हणेल. नवख्या माणसाला मदत केल्याने आपली स्वतःची दारू दूर राहते, अशी त्यांची धारणा आहे. विल्सनने हॉटेलातून फोन केला तो याच भावनेने.

खेड्यातून येणाऱ्या रुग्णांची खरी अडचण वेगळीच असते. सभा सायंकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन साडेआठला संपते आणि त्यांच्या गावाची शेवटची एस. टी. त्याआधीच सुटलेली असते. अशा वेळी तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी किंवा बाजाराच्या दिवशी दुपारी सभा भरते का, हे विचारावे. त्याच रस्त्याने दुचाकीवर जाणारा एखादा सभासद असतो का, याची चौकशी करावी. सुरुवातीचे काही आठवडे शहरात बहिणीकडे किंवा मावशीकडे मुक्काम ठेवता येईल का, पाहावे. सभेला जाण्याचा रस्ताही ठरवून घ्यावा. स्थानकाबाहेरच्या दुकानावरून जाण्याऐवजी थोडे लांबून गेले तर बिघडत नाही. सुरुवातीच्या काळात आठवड्यातून एकदा पुरत नाही. नव्वद दिवसांत नव्वद सभा, असे जुने सभासद नव्या माणसाला सांगतात. आपल्या जिल्ह्यात ते सहज जमणारे नाही. पण २०२० सालच्या टाळेबंदीपासून भ्रमणध्वनीवरून भरणाऱ्या सभाही रूढ झाल्या आहेत आणि मधल्या दिवसांसाठी त्या उपयोगी पडतात. प्रत्यक्ष सभेची सर त्यांना येत नाही, हे माझे वैयक्तिक मत. चहाचा कप हातात देणारा माणूस पडद्यावर मिळत नाही. ज्या तालुक्यात गटच नाही तेथे दोन-तीन मद्यमुक्त होऊ इच्छिणाऱ्यांनी एकत्र येऊन गट सुरू करण्यास ए. ए.ची मुभा आहे. मुंबईचे कार्यालय त्यांना साहित्य व मार्गदर्शन देते.

‘गावात सगळे ओळखतात, कोणी पाहिले तर?’ हा संकोच छोट्या गावात फार मोठा असतो. बंद सभेत जो कोणी तुम्हाला पाहील तो त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो, आणि येथे ऐकलेले, येथे भेटलेले बाहेर न्यायचे नाही हा तेथील कडक नेम आहे. तरीही मन धजत नसेल तर शेजारच्या तालुक्यातील सभा निवडावी. पुष्कळ जण तसे करतात. चर्चच्या आवारातील सभेविषयी काही कुटुंबांच्या मनात धर्मांतराची शंका असते, तिचेही निरसन येथे करतो. ए. ए.चा कोणत्याही धर्माशी, पंथाशी वा राजकीय पक्षाशी संबंध नाही. चर्चची खोली ते वापरतात ती शाळेचा वर्ग वापरावा तशीच. कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे. पंढरीचा वारकरीही तेथे बसतो आणि देव न मानणाराही.

सभेत घडते ते अगदी साधे. छोटी प्रार्थना, पायऱ्यांपैकी एखादीचे वाचन, मग एकेक सभासद आपले पहिले नाव सांगून आपली हकीकत सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत. पहिल्यांदा आलेल्याने न टाकले तरी चालते. काही आठवड्यांनी नवा सभासद एखाद्या जुन्या सभासदाला आपला मार्गदर्शक म्हणून निवडतो. त्याला ते ‘स्पॉन्सर’ म्हणतात. रात्री अकरा वाजता तल्लफ अनावर झाली तर फोन करायचा तो या माणसाला. पहिली सभा रुचली नाही तर दुसऱ्या गटाच्या सभेला जावे. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. औषधांच्या बाबतीत मात्र सभासदांचा शब्द प्रमाण मानू नये. ए. ए. औषधोपचारात पडत नाही. एखाद्या सभासदाने ‘गोळ्या बंद कर’ असे सांगितले तरी तो निर्णय आपल्या डॉक्टरांचाच.

कागदावरचा पत्ता आणि हातातला हात

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी ‘ए. ए. सभेस जावे’ असे लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याचा उपयोग किती, हे अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्याशा अभ्यासाने दाखवून दिले. बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या २० जणांचे दोन गट केले होते. एका गटाला सभेची माहिती देऊन जाण्यास सांगितले. दुसऱ्या गटातील रुग्णांसमोरच एका सभासदाला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि त्या सभासदाने ‘मी तुम्हाला सभेला घेऊन जातो’ असे सांगितले. पहिल्या गटातील एकही जण सभेला गेला नाही. दुसऱ्या गटातील सर्वजण गेले. वीस माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. परंतु मार्च २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली तेव्हाही दिशा तीच दिसली : ज्यांना उपचारकांनी पद्धतशीरपणे ए. ए.शी जोडून दिले होते, त्यांच्यापैकी वर्षअखेरीस शंभरात ४२ जण दारूपासून पूर्णपणे दूर होते. अन्य प्रस्थापित उपचार घेतलेल्यांत ३५. फरक शंभरात सातांचा आहे. ज्या घरात तो सातांपैकी एक राहतो, त्या घराला तो आकडा लहान वाटत नाही. उरलेल्या ५८ जणांचाही विसर पडू नये. सभा हा रामबाण नाही, आणि सभासदही तसा दावा करीत नाहीत.

आपल्या रुग्णालयात आता रजेची तारीख ठरण्यापूर्वीच हा दुवा जोडला जातो. रुग्णाची लेखी संमती घेतल्यानंतर समाजसेवा अधीक्षक ए. ए.च्या सभासदाला कक्षात बोलावून घेतात. संमतीविना कोणालाही काही कळविले जात नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. खाटेशेजारी दोघे बोलतात. पहिल्या सभेचा वार, वेळ, कोण कोठे भेटणार हे रुग्णाच्याच फोनवरून ठरते, आणि ती सभा रजेनंतर तीन दिवसांच्या आत असावी असा कटाक्ष असतो. तो पुन्हा प्यायला तर? तर पुन्हा जावे. घसरलेल्याला सभेतून काढून टाकण्याची तरतूदच त्यांच्या परंपरेत नाही, फक्त प्यालेल्या अवस्थेत बोलू देत नाहीत. घरच्यांनीही ‘एवढे करून काय उपयोग झाला’ असे त्या दिवशी म्हणू नये, ही विनंती.

घरच्या माणसांसाठी

मद्यासक्ताच्या कुटुंबासाठी स्वतंत्र सभा असतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बिल विल्सन यांच्या पत्नी लोईस यांनी १९५१ साली त्यासाठी अल-अनॉन ही संघटना स्थापन केली. किशोरवयीन मुलांसाठीची तिची शाखा, अल-अटीन, १९५७ पासूनची. नवऱ्याच्या बाटल्या शोधून ओतून देणे, त्याच्या कचेरीत ‘ताप आहे’ म्हणून खोटे कळविणे, उधारी फेडणे, यांतच ज्या बाईची दहा-पंधरा वर्षे गेली, तिला स्वतःकडे पाहायला तेथे शिकता येते. नवरा सभेला जात नसला, अजून पीत असला, तरी पत्नीने जाण्यास काहीच हरकत नाही. किंबहुना पुष्कळ घरांत आधी ती जाते आणि काही महिन्यांनी तो. आमच्या कक्षाबाहेर बाकावर बसणाऱ्या भगिनींना आम्ही हे आवर्जून सांगतो. बहुतेकींचे पहिले उत्तर असते, ‘पितात ते, मी कशाला जाऊ?’

आणि स्वतः मद्याच्या आहारी गेलेल्या स्त्रिया? त्या येतात, पण ‘अशक्तपणा’, ‘कावीळ’, ‘झोप नाही’ अशा नावांखाली येतात. सेंट थॉमसच्या नोंदवहीतील जठराच्या दाहाची आठवण व्हावी, अशी ही परिस्थिती आहे. पुरुषांनी भरलेल्या सभेत एकटीने जाऊन बसणे त्यांना अवघड वाटते, यात नवल नाही. मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांसाठी सभा भरतात आणि भ्रमणध्वनीवरूनही भरतात. फोन करताना ‘महिला सभासदाशी बोलायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. तशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न केला जातो.

खोलीचे भाडे

देणगीदारांपैकी काहींनी ए. ए.च्या गटास देणगी देण्याची इच्छा वेळोवेळी व्यक्त केली आहे. त्यांच्या औदार्याबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागते की गट ती स्वीकारणार नाही. बाहेरून पैसा घ्यायचा नाही, आपला खर्च आपल्याच पिशवीतून भागवायचा, ही त्यांची परंपरा आहे. बाह्यरुग्ण विभागामागील खोली आम्ही विनामूल्य देऊ केली, तेव्हाही त्यांनी नम्रपणे नकार देऊन नाममात्र भाडे ठरवून घेतले. दर महिन्याला ते भाडे सुट्या नोटांत जमा होते व त्याची रीतसर पावती फाडली जाते. या अहवालाच्या जमेच्या बाजूस ‘सभाखोली भाडे’ म्हणून जी लहानशी रक्कम दिसते, ती हीच. रुग्णालयाचे नाव ते वापरीत नाहीत आणि त्यांचे नाव रुग्णालयाने वापरू नये अशी त्यांची अपेक्षा आहे, म्हणून प्रवेशद्वारावर त्यांचा फलक नाही.

देणगी स्वीकारता येईल ती रुग्णालयाच्या बाजूच्या खर्चासाठी. पहिल्या तीन महिन्यांत खेड्यातील रुग्णाला व त्याच्याबरोबर येणाऱ्या एका नातेवाइकाला सभेसाठी लागणारे एस. टी.चे भाडे, हा त्यांतील मुख्य खर्च आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन भाडे परवडत नाही आणि तेथेच त्याचे येणे थांबते. विश्वस्त मंडळाच्या संमतीने यासाठी ‘रुग्ण प्रवास साहाय्य’ असे स्वतंत्र खाते उघडण्यात आले असून, त्याचा हिशेब इतर निधींप्रमाणेच या अहवालात दिला जाईल.

आसपासच्या सर्व तालुक्यांतील सभांचा तक्ता समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलेला आहे. प्रत्येक गटास दर तीन महिन्यांनी फोन करून तो दुरुस्त केला जातो आणि शेवटच्या पडताळणीची तारीख तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते. आपला रुग्ण या रुग्णालयात दाखल नसला तरी रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात येऊन तो पाहता येईल, उतरवून घेता येईल. नाव सांगण्याची आवश्यकता नाही.